दाभणाने टोचलेली बाराखडी

माझा धाकटा मुलगा, बारका, दुसरीत होता. संध्याकाळी मी कारखान्यातून घरी आलो तर हा ओट्यावर बसून मोठ्याने पाठ वाचत होता. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. बरं वाटलं. याला वाचता येत नाही अशी बाई उगाच तक्रार करतात, असं मनात म्हणत चप्पल काढली आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पाठ बैलाचा चालला होता. पुस्तकात मात्र छत्री घेतलेल्या मुलीचं चित्र. मी वाकून हळूच पान उलटलं. तो थांबला नाही. आणखी एक उलटलं. बैल चालूच.

वर्गातली पोरं वाचतात ते ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालेलं. नंतर मोजलं तर असे अकरा पाठ आणि झाडून सगळ्या कविता त्याच्या डोक्यात होत्या. वाचता येत होती फक्त स्वतःच्या नावातली अक्षरं, तीही नावात असली तरच. एखादं वेगळं काढून दाखवलं की ओळख नाही.

त्या दिवशी मी त्याला मारलं. लिहिताना बरं वाटत नाही, पण हे गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल. मला वाटलं, पोरगं फसवतंय.

माझं काम काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी जकार्डची कार्डं पाडतो. सोलापुरी चादरीवर जी वेलबुट्टी असते, मोर असतो, काठाला कारखान्याचं नाव असतं, ते छापलेलं नसतं, विणलेलं असतं. आधी ग्राफच्या कागदावर डिझाइन काढायचं. मग ग्राफच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक लांबट कार्ड घ्यायचं आणि चौकटी बघून त्यात भोकं पाडायची. भोक असेल तिथे हूक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. एका कार्डावर बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा, त्यामुळे काठावर एक अक्षर उमटायला कितीतरी कार्डं लागतात. ती सगळी दोरीने ओवून माळ करायची आणि मागावर चढवायची. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली काढलेली ही युक्ती आमच्याकडे अजून पोट भरते. यात एक भोक चुकलं की निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी चूक. वीस वर्षं मी अक्षरं भोकांनी लिहितोय, आणि माझ्याच पोराला अक्षर दिसेना.

दिसेना म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चारी दिशांना तोंडं केलेला इंग्रजी ई दाखवला; बारक्याने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत बोटाने दिशा बरोबर सांगितल्या. डोळे ठणठणीत. पुढे वाचनात आलं की वाचायला शिकण्यातल्या या अडचणीचा ‘डिस्लेक्सिया’ हा शब्दसुद्धा १८८०च्या दशकात एका डोळ्यांच्याच डॉक्टरने, जर्मनीतल्या रुडॉल्फ बर्लिनने काढला. तेव्हा आम्ही दोघांनी पहिली पायरी एकच चढली म्हणायची.

दुसरं कारण शाळेने दिलं. आमच्या गल्लीत दहातली आठ घरं तेलुगू. बारका दिवसभर त्या पोरांत, त्यामुळे तेलुगू फाडफाड बोलतो, आणि समोरच्या किराणा दुकानदाराशी मोडक्या कन्नडमध्ये गोळ्यांचा भाव करतो. बाई म्हणाल्या, “भाषांची खिचडी झालीय डोक्यात. घरी मराठीच बोला.” आम्ही घरी मराठीच बोलतो. बायकोने तिथल्या तिथे विचारलं, “बाई, ज्यांच्या घरात तेलुगू बोलतात ती पोरं वर्गात धडाधडा मराठी वाचतात, आणि आमचंच मागे कसं?” बाईंकडे उत्तर नव्हतं. सोलापुरात पोराच्या कानावर तीन भाषा पडणं ही काही आजची गोष्ट नाही.

तिसरा उपाय शिकवणीचा. तिथल्या सरांनी प्रत्येक अक्षर शंभर वेळा लिहायला लावलं. ती वही मी जपून ठेवलीय. ‘भ’चं पान बघा: वरच्या ओळीत भ आहे, मधल्या ओळीत त्याची गाठ बारीक होत जाते, आणि पान संपता संपता तो म झालाय. शंभर वेळा लिहून पोरगं भ विसरलं.

तिसरीत गेल्यावर शाळेत एक नवीन मॅडम यायला लागल्या. समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे अडचण असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याच्या, विशेष शिक्षिका. महिन्यातून दोनदा यायच्या, कारण त्यांच्याकडे बऱ्याच शाळा होत्या. त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोरच बारक्याशी खेळ सुरू केला. पुस्तक नाही, पाटी नाही.

“कमळमधला क काढून टाकला तर काय राहील?”

बारका गप्प.

“बरं. चहातला च काढला तर काय राहील?”

बारक्याने विचार केला आणि म्हणाला, “बशी.”

मला हसू आवरेना. मॅडमसुद्धा हसल्या, पण त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. मग मला म्हणाल्या, “हे उत्तर नीट बघा. त्याला चहा म्हणजे चहा ऐकू येतो, कपातला, गरम. ‘च’ आणि ‘हा’ असे दोन तुकडे ऐकू येत नाहीत. शब्दाचे तुकडेच होत नसतील तर अक्षर चिकटवायचं कशाला?”

गेल्या दोन वर्षांत कोणीच मला हे सांगितलं नव्हतं. मी अक्षराच्या मागे लागलो होतो आणि अडचण आवाजात होती. अक्षरं उलटी दिसतात, नाचतात वगैरे जे आपण ऐकतो, ते मॅडमनी बाजूला ठेवायला सांगितलं. डोळा बघतो ते बरोबरच. ते चिन्ह आणि त्याचा आवाज यांची गाठ बसायला या मुलांना फार वेळ लागतो आणि बसलेली गाठ सैल राहते. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली होती. त्या मुलाच्या मास्तरांचं म्हणणं, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार पोरगा ठरला असता. अकरा पाठ तोंडपाठ असणारा आमचा बारका काय वेगळा होता?

तपासणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि चकरा जास्त. आधी कान, डोळे, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी तयार केलीय आणि ती मराठीतही आहे, हे मला मॅडमकडून कळलं. नाहीतर इंग्रजी चाचणी मराठी पोरावर लादायची, असं वाटायचं. अक्षमतेचा दाखला मात्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, म्हणून वाढदिवसापर्यंत थांबलो. त्यानंतर एका सरकारी रुग्णालयात सात महिने. कधी साहेब रजेवर, कधी फॉर्म संपलेला, कधी “पुढच्या बुधवारी या”. प्रत्येक खेपेला माझी अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरलेत त्यात डिस्लेक्सियाही येतो, एवढं पाठ करून ठेवलं होतं. खिडकीवर ते दोन वेळा उपयोगी पडलं. कागदावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे शब्द आले. बायकोने ते वाचले, घडी घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिले.

मॅडम म्हणाल्या, “दाखल्याने परीक्षेत वेळ वाढवून मिळेल. वाचायला तुम्हालाच शिकवायचंय, रोज वीस मिनिटं. जास्त नको. कमीही नको.”

मग आम्ही खरेदीला निघालो. माणूस घाबरला की आधी पैसे खर्च करतो. नवी पेठेतून चकचकीत तक्ता आणला. ऑनलाइन रंगीत पारदर्शक कागद मागवले, पानावर ठेवून वाचायचे. एक बोलणारं पुस्तक आणलं, ते इंग्रजी निघालं. दोन हजारांच्या वर गेले.

तक्त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. ‘अ अननसाचा.’ बारका चित्र बघून “अननस” म्हणायचा. चित्रावर हात ठेवला की गप्प. चित्र ओळखायला अक्षर लागतच नाही, तर तो अक्षराकडे बघेल कशाला? ‘ण बाणाचा’ तर अजून वाईट, त्यात ण शेवटी, तोही अर्धा गिळलेला. रंगीत कागदाने पान सरबतासारखं दिसायचं, वाचन तेवढंच. मॅडमनी सांगितलं की याचा भरवशाचा फायदा अभ्यासांमध्ये दिसलेला नाही, पैसे घालवू नका. तोवर गेले होते. ते कागद आता थोरलीच्या वह्यांना कव्हर म्हणून चढलेत.

अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांनी १९३०च्या सुमाराला बसवलेली पद्धत मॅडम वापरत होत्या: डोळ्याने बघ, बोटाने गिरव, तोंडाने आवाज काढ, कानाने ऐक, आणि चारही एकाच वेळी. मॉन्टेसरीच्या शाळांत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, ती याच जातीची. मॅडम म्हणाल्या, रव्याच्या ताटात बोटाने गिरवू द्या. तीन दिवस गिरवलं. चौथ्या दिवशी ताटाला मुंग्या आणि बायकोच्या डोक्याला त्याहून जास्त. रव्यात अक्षर पुसलंही जात होतं. बोट पुढे गेलं की मागचं बुजलं.

तेव्हा मला कार्डाची आठवण झाली.

कारखान्यात जकार्डचा कोरा पुठ्ठा पडून असतो. मालकांना विचारलं, तर म्हणाले, “घेऊन जा की, आता किती दिवस लागणाराय तो.” बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलीत, डिझाइन पेनड्राइव्हवर जातं, आमच्याकडचे जुने मागही जातील कधीतरी. तळहाताएवढे तुकडे कापले आणि पंच घेऊन पहिला म पाडला. ठिपक्या ठिपक्यांचा, बराच देखणा. शेजारच्या मागावरचा म्हणाला, “पोराला बी पंचिंगलाच लावूलालास काय बे?”

घरी नेलं, तर बारक्याचं बोट त्यावरून सुळकन घसरलं. पंच भोक इतकं साफ पाडतो की कडच राहत नाही. बोटाला काही लागलंच नाही.

मग पंच सोडला आणि गोणी शिवायचं दाभण घेतलं. दाभणाने टोचलं की पुठ्ठा फाटत पलीकडे उचलला जातो आणि तिकडे खरखरीत कड तयार होते. त्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षर नुसतं दिसत नाही, लागतं. पण अडचण अशी की पलीकडून बघितलं तर अक्षर उलटं! चादर पालटून बघा, काठावरचं नाव उलटं दिसतं, तसंच. म्हणून मी मागच्या बाजूने उलटं अक्षर टोचायला लागलो, म्हणजे पुढून सुलटं उमटतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे अवघड नाही. बारका कार्ड हातात उलटसुलट धरायचा, म्हणून प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा तिरका छाटला. छाटलेला कोपरा वर उजवीकडे आला तरच अक्षर खरं.

पहिल्या कार्डाला आठवडा लागला. बोट फिरवायचं आणि फिरवता फिरवता म्हणायचं “म्म्म”. ‘म मगरीचा’ नाही. नुसता आवाज. बोट दांड्यावर संपलं की आवाज संपला. डोळे उघडे ठेवून पाच वेळा, मिटून पाच वेळा. आठव्या दिवशी मी न दाखवता त्याच्या हातात कार्ड दिलं, डोळे मिटलेले. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, “म.” मी काही बोललो नाही. बायको आतून म्हणाली, “काय झालं?” काही नाही म्हटलं.

पुढचं अक्षर कोणतं, यावर माझी आणि मॅडमची वादावादी झाली. मी म्हटलं, आपलं ग म भ न. आमच्या वेळेपासून तसंच शिकवतात, वळणं एकातून एक निघतात, हाताला सोपं पडतं. मॅडम म्हणाल्या, “हाताला सोपं, म्हणूनच या मुलांना घात. म आणि भ शेजारी आले की दोन्ही गेले. त्या वहीत बघितलंत ना?” त्यांचा नियम असा की दिसायला किंवा ऐकायला जवळची अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवायची. आधीचं पक्कं झाल्याशिवाय त्याचा जुळा भाऊ घरात घ्यायचा नाही. म आधी, भ दोन महिन्यांनी. ब आणि व लांब. घ आणि ध तर वेगवेगळ्या ऋतूंत. आमची पहिली चार अक्षरं म, र, क, ट, आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. एवढ्यावर राम, मका, मामा, काका, काटा, मटार, टमाटा, कमर असे वीसच्या वर शब्द होतात. अख्खी बाराखडी संपेपर्यंत पोराने वाचायची वाट बघायची, हे किती वेडेपणाचं होतं ते तेव्हा कळलं. ‘मामा टमाटा’ एवढं कार्डांच्या दोन ओळींत वाचून तो इतका हसला की गल्लीतली पोरं बघायला आली.

काना मी लाल सुताचा केला. कारखान्यात बॉबिनवर उरलेलं सूत असतंच. पुठ्ठ्याच्या पट्टीवर डिंकाने चिकटवलं. अक्षर टोचलेलं, मात्रा सुताची. बोटालाही फरक कळतो.

टाळ्यांच्या खेळात मात्र मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो. शब्दाचे जेवढे तुकडे तेवढ्या टाळ्या. बारक्याने ‘कमळ’ला दोन वाजवल्या. मी म्हटलं चूक, तीन अक्षरं आहेत. तो परत दोन. मी आवाज चढवला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “स्वतः म्हणून बघा. क-मळ. ळ उघडा म्हणता का तुम्ही? त्याचा कान बरोबर आहे, तुम्ही डोळ्याने मोजलंत.” लिहिताना तीन आणि बोलताना दोन, हे मराठी बोलणाऱ्या आपल्याला कधी जाणवतच नाही. पोराची माफी मागितली. तेव्हापासून टाळ्या कानाने मोजतो आणि कार्डं डोळ्याने, दोन्ही हिशेब वेगळे ठेवतो.

पहिली वेलांटी आली आणि गाडी अडली. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या आधी, म्हणताना इ नंतर. डावीकडून वाचत जाणाऱ्या डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही. बारका ‘किमान’ला ‘इकमान’ म्हणायचा. त्याच्या दृष्टीने तो पानाशी प्रामाणिक होता. यावर मी जे केलं त्याचा मला थोडा अभिमान आहे. वेलांटीची पट्टी वेगळी कापली आणि क-च्या डोक्यावर दोऱ्याने अशी बांधली की ती दाराच्या कडीसारखी फिरेल. सुरुवातीला ती उजवीकडे. बोटाने क गिरवायचा, “क्” म्हणायचं, मग वेलांटी उजवीकडून उचलून क-च्या डोक्यावरून डावीकडे नेऊन बसवायची आणि नेता नेता म्हणायचं “इ”. क्-इ, कि. आवाज ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने हात जातो. तीन आठवडे दोरा तुटत राहिला, मी बांधत राहिलो. चौथ्या आठवड्यात त्याने पट्टी न फिरवता हवेतच बोट फिरवलं आणि वाचलं.

रफाराला तीच तऱ्हा. ‘वर्ग’ला ‘वगर’. तिथे र-चं कार्ड उडी मारून ग-च्या डोक्यावर बसतं, पण बोलायचं बसण्याआधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्या वाट्याला आम्ही अजून गेलेलो नाही.

कार्डांवरून कागदावर जाताना लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या डीटीपीवाल्याने मदत केली. मॅडमनी सांगितलं होतं, अक्षर मोठं हवं आणि मोकळं हवं. इटालियन आणि फ्रेंच मुलांवर २०१२ साली केलेल्या एका अभ्यासात अक्षरांमधली जागा वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त बरोबर आणि जास्त वेगाने वाचू लागली. आम्ही मराठीत तसं करायला गेलो, तर शिरोरेषा तुटली आणि शब्द कण्हेरीच्या काड्यांसारखा विस्कटला. शेवटी अक्षरांना हात न लावता दोन शब्दांमधली आणि दोन ओळींमधली जागा वाढवली. त्याने काम झालं. शिवाय एका कार्डाला ओळीएवढी फट पाडून खिडकी केली. ती पानावर सरकवत न्यायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि आजही दप्तरात आहे.

याच कागदांवर ल-ने घोळ घातला. पुस्तकातला ल शिरोरेषेतून लोंबणारा, दोन पाकळ्यांचा, मराठी वळणाचा. मोबाइलवर आणि डीटीपीवाल्याच्या फॉन्टमध्ये उजव्या दांड्याला टेकलेला, हिंदी वळणाचा. श-चंही तसंच. २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणं ठरवून दिलीत, पण फॉन्ट ते ऐकतातच असं नाही. तुम्ही आम्ही दोन्ही ल वाचतो, लक्षातही येत नाही. बारक्याला ती दोन वेगळी अक्षरं होती. एक महिनाभर घरात एकच ल, मोबाइल बंद.

मोबाइल नंतर आला आणि त्याचा उपयोगही झाला. गूगलचं ‘रीड अलाँग’ ॲप मराठीत आहे. पोराने मोठ्याने वाचायचं, ‘दिया’ नावाची बाहुली ऐकते, चुकलं तर शब्द म्हणून दाखवते. तिला कंटाळा येत नाही, राग येत नाही. या बाबतीत ती माझ्यापेक्षा बरी. पण आमच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात दियाला काही ऐकूच यायचं नाही, बरोबर वाचलेलंही ती चूक धरायची आणि बारका रडकुंडीला यायचा. माग जेवणाला थांबतात तेवढा अर्धा तास आम्ही तिच्यासाठी राखून ठेवला. ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या असतात, त्या डीटीपीवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्यायचो. आजीने त्याच गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून दिल्या. आजी गोष्टीत मध्येच “थांब, चष्मा पुसते” म्हणते तेही रेकॉर्ड झालंय, आणि बारका त्या जागी बोट थांबवून आजीची वाट बघतो.

रोजची वीस मिनिटं म्हणजे रोजचीच नाहीत. पाणी येण्याच्या दिवशी सुट्टी. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात घागरीला. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तापतो, तेव्हा पहाटे बसायचो. आणि काही दिवस असे की काल आलेलं आज येत नाही. अशा दिवशी मी दोनदा ओरडलो, एकदा कार्ड भिरकावलं. तेव्हा मॅडमनी मला एक वही करायला सांगितली: आठवड्यातून एकदा, एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. पहिली नोंद सहा. तीन महिन्यांनी तेरा. मग दोन महिने तेरा, बारा, तेरा. वर्षाने एकतीस. त्याच्या वर्गातली मुलं याच्या कितीतरी पुढे आहेत, ते मला दिसतं. पण वही नसती तर बारा-तेराच्या दोन महिन्यांत मी हे सोडून दिलं असतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नेलं. होम मैदानावर पाळणे, धूळ, भोंगे, माणसांचा समुद्र. मी त्याचा हात घट्ट धरलेला. मध्येच त्याने हात ओढला आणि थांबला. भज्याच्या गाड्यावर लाल रंगात बोर्ड होता. त्याचं बोट हवेत हलत होतं. “ग… र… मा… गरमा… गरमागरम.” मग पुढचा शब्द, वेलांटी दीर्घ होती, ती सरळ उजवीकडेच. “भजी.” खायला मागण्यासाठी त्याने ते वाचलं नव्हतं, पण घेऊन दिली. दोन प्लेट.

शाळेत आता त्याला वर्गासमोर उभं करून वाचायला लावत नाहीत. हे मॅडमनी बाईंना समजावलं आणि बाईंनी ऐकलं, त्यांचं श्रेय त्यांना. फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारची मुलगी त्याला वही देते. शुद्धलेखनाचं विचारू नका. ऱ्हस्व-दीर्घ तर त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही.

गेल्या महिन्यात ध घ्यायचं ठरलं. घ पक्का होऊन चार महिने झाले होते. रात्री उशिरा बसून मी मागच्या बाजूने उलटा ध टोचला. झोप आली होती. सकाळी त्याच्यासमोर ध आणि र अशी दोन कार्डं ठेवली आणि म्हटलं, “वाच. धर.”

त्याने पहिल्या कार्डावर बोट फिरवलं. परत फिरवलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा.

“पप्पा, हे घर आहे.”

“नीट बघ. ध आहे.”

“नाही. ध-ची रेघ तुटकी असते ना, गाठीपाशी? तुम्ही सगळी जोडलीय. तीन भोकं जास्त पाडलीत तुम्ही.”

मी कार्ड उजेडात धरून बघितलं. तीनच होती. चमच्याच्या मागच्या बाजूने ती घासून सपाट केली, वर कागदाचा तुकडा चिकटवला आणि कार्ड परत त्याच्याकडे दिलं.